वॉशिंग्टन हे नाव कोणाचे?

माझ्या पिढीतल्या कार्यकर्त्यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांना फार लवकर निकालात काढले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा अमेरिकेतून आम्हाला हवे होते ते माल्कम एक्स आणि ब्लॅक पँथर. १८९५ साली अटलांटाच्या भाषणात गोऱ्यांना न दुखवता, राजकीय हक्कांची घाई न करता, हातकामाच्या बळावर वर या असे आपल्या समाजाला सांगणारा माणूस आमच्या कामाचा नव्हता. डु बॉइस यांनी १९०३ साली त्यांच्यावर केलेली टीका आम्हाला पुरेशी होती. ती मला आजही योग्य वाटते. पण आमचा आणखी एक आक्षेप होता, आणि तो मी वर्गात मोठ्या आवाजात मांडत असे. हा माणूस गुलामांच्या मालकाचे आडनाव लावतो, म्हणजे याच्या मनातली गुलामगिरी गेलेलीच नाही! हा आक्षेप मी आता मागे घेतो.

'अप फ्रॉम स्लेव्हरी' (१९०१) या त्यांच्या आत्मचरित्रात शाळेच्या हजेरीचा एक प्रसंग आहे. युद्ध संपले आहे, गुलामी गेली आहे. मुलगा पहिल्यांदाच शाळेत बसला आहे. गुरुजी नावे पुकारतात तेव्हा त्याच्या लक्षात येते की प्रत्येकाला दोन तरी नावे आहेत, काहींना तीन. याला एकच, बुकर. आपली पाळी येईपर्यंत तो विचार करून ठेवतो आणि विचारल्यावर शांतपणे सांगतो, बुकर वॉशिंग्टन. जणू जन्मभर हेच नाव होते. गुरुजी लिहून घेतात.

हे आडनाव त्याच्या मालकाचे नव्हते. त्याचा जन्म व्हर्जिनियात जेम्स बरोज नावाच्या शेतमालकाकडे झाला. १८६१ साली बरोजच्या मालमत्तेची यादी झाली, तीत हा पोरगा चारशे डॉलरला लावलेला आहे. मालकाचे नाव लावायचे असते तर तो बुकर बरोज झाला असता. त्याच्या सावत्र बापाचे नाव होते वॉशिंग्टन फर्ग्युसन. बापाचे पहिले नाव पोराने आडनाव करून घेतले. आत्मचरित्रात हे त्या ठिकाणी सांगितलेले नाही; लेखक सगळे श्रेय आपल्या हजरजबाबीपणाला देतो, आणि हा त्यांचा नेहमीचा दोष आहे.

त्याच पुस्तकात ते सांगतात की मुक्त झालेल्या लोकांना दोन गोष्टी आधी कराव्याशा वाटल्या : मळा सोडून थोडे दिवस तरी बाहेर जाणे आणि नाव बदलणे. 'हॅचरचा जॉन' म्हणून ज्याला हाक पडे तो आता जॉन एस. लिंकन किंवा जॉन एस. शेर्मन झाला. मधले 'एस' कोणत्याही नावाचे आद्याक्षर नव्हते. ते नुसतेच मानाचे अक्षर होते. आपल्याकडे पाटलाचा गडी म्हणून ज्यांनी जन्म काढला, त्यांच्या नातवंडांना त्या 'एस'चा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने १९७६ साली काळ्या कुटुंबांवरच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की गुलामीच्या काळातही अनेकांची स्वतःची आडनावे होती. ती मालकापासून लपवलेली असत, आणि पुष्कळदा ती चालू मालकाची नसत.

आता या आडनावाचे मूळ पाहू. वॉशिंग्टन हे इंग्लंडच्या उत्तरेतील डरहॅम भागातले एक गाव. वासा नावाच्या कोणा माणसाच्या लोकांची वस्ती, असा त्याचा अर्थ लावतात. बाराव्या शतकात विल्यम नावाच्या एका सरदाराने तिथली जमीन घेतली आणि पूर्वीचे हर्टबर्न हे नाव टाकून गावाचे नाव लावले. म्हणजे खानदानी वॉशिंग्टनांचा मूळ पुरुषसुद्धा आडनाव बदललेलाच! आंबडव्याचे सकपाळ पुढे आंबेडकर झाले, यात ज्यांना काही वेगळे दिसते त्यांनी हे ध्यानात ठेवावे. फरक इतकाच की विल्यमने गावाची मालकी घेतली म्हणून नाव घेतले. आपल्याला गावाबाहेर ठेवून गावाचे नाव मिळाले.

या घराण्यातला जॉर्ज अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. १७९९ साली तो वारला तेव्हा माउंट व्हर्नन या त्याच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्याच्या मालकीचे. आपल्या पत्नीच्या पश्चात त्यांना मोकळे करावे असे त्याने मृत्युपत्रात लिहिले. मूलबाळ नसल्यामुळे मळा पुढे पुतण्याकडे, बुशरॉड वॉशिंग्टनकडे, गेला. हा सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती, मुक्त काळ्यांना आफ्रिकेत पाठवण्यासाठी निघालेल्या संस्थेचा पहिला अध्यक्ष. आणि १८२१ साली त्याने पन्नासावर गुलाम विकून टाकले. रक्ताने आडनाव मिळालेल्यांपैकी हा एक.

दुसरा धारक हॅरी वॉशिंग्टन. जन्म गँबिया नदीच्या प्रदेशातला. जॉर्जने त्याला १७६३ साली दलदल उपसण्याच्या कामासाठी विकत घेतले. १७७१ मध्ये तो पळाला, पकडला गेला. स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर इंग्रजांनी पळून येणाऱ्या गुलामांना मुक्तीचे वचन दिले, तेव्हा तो पुन्हा पळाला आणि आपल्या मालकाविरुद्ध लढणाऱ्या फौजेत दाखल झाला. १७८३ साली पळालेले गुलाम परत मिळावेत म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन इंग्रज सेनापतीशी बोलणी करत होता. त्याच वर्षी हॅरी न्यूयॉर्कहून जहाजाने नोव्हा स्कॉशियाला गेला. १७९२ साली तिथून सिएरा लिओनला. तिथे कंपनीने जमिनीवर सारा लादला तेव्हा वसाहतवाल्यांनी १८०० साली बंड केले, त्यात हा होता. बंड मोडले, हॅरीला नदीपलीकडे हद्दपार केले. अन्याय्य कर देणार नाही म्हणून राज्याविरुद्ध उभे राहणे, हे वॉशिंग्टन या नावाशी जोडलेले शौर्य शाळेच्या पुस्तकात ज्याच्या नावावर आहे, त्याच्याच गुलामाने ते त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरात, काहीही हाताशी नसताना करून दाखवले. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी शिवाजी आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांची चरित्रे वाचली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पण १८७३ साली 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना. हॅरीची गोष्ट जोतीरावांच्या हाती लागायला हवी होती, असे मला फार वाटते.

पुढचा हिशेब जनगणनेने केला आहे. २००० साली अमेरिकेत सुमारे १ लाख ६३ हजार लोक हे आडनाव लावत होते आणि त्यांतले दहापैकी नऊ काळे होते. रूथ जोन्स नावाची गायिका डायना वॉशिंग्टन झाली. १९८३ साली शिकागोचा पहिला काळा महापौर निवडून आला तो हॅरल्ड वॉशिंग्टन. गोऱ्यांकडे हे नाव आता राजधानीच्या पाटीवर आणि नोटेवर आहे. माणसांच्या तोंडी ते काळ्यांचे झाले आहे.

माल्कम एक्स यांचे म्हणणे मी विसरलेलो नाही. लिटल हे गोऱ्या मालकाचे नाव त्यांनी टाकले आणि हरवलेल्या आफ्रिकी नावाच्या जागी 'एक्स' लिहिला. त्या नकाराचे मोल कमी होत नाही. परंतु नकाराचा तो एकच मार्ग आहे असे आम्ही धरून चाललो, आणि शाळेत सात अक्षरी नाव ठणकावून सांगणाऱ्या पोराला भित्रा ठरवले. दादासाहेब गायकवाडांनी बडोद्याच्या गादीचे नाव उसने घेतले, असे आपण कधी म्हटले नाही.

आपल्या आत्मकथनांत याच्या जोडीला ठेवावा असा प्रसंग शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) आहे. तिथेही शाळा आहे, दाखला आहे. तिथे गुरुजी बापाचे खरे नाव लिहितात आणि ज्याचे ते नाव, त्या बड्या माणसालाच ते नको असते. एका ठिकाणी पोरगा नाव घेतो आणि कोणी हरकत घेत नाही. दुसऱ्या ठिकाणी रक्ताचे नावही भांडून टिकवावे लागते. या दोन हजेरीपटांची तुलना आपल्या समीक्षेने करायला हवी होती. आपण मात्र आत्मकथनांतल्या भुकेच्या आणि शिव्यांच्या पानांवरच थांबलो.

बुकर यांना मोठेपणी कळले की आईने जन्मतःच त्यांना आणखी एक नाव दिले होते, टालियाफेरो. त्यांनी ते मध्ये घातले, वॉशिंग्टन काढले नाही. त्यांचा तो 'टी' म्हणजे हाच. टालियाफेरो हेही व्हर्जिनियातल्या एका गोऱ्या जमीनदार घराण्याचे आडनाव, मूळचे इटालियन; अर्थ, लोखंड कापणारा.