केतकरांचा ‘ब्रह्मा’ आणि प्लूटो

कै. व्यंकटेश बापूजी केतकर (इ. स. १८५४–१९३०) यांनीं प्लूटोचें भाकीत त्याच्या शोधापूर्वीं एकोणीस वर्षें केलें होतें, असें विधान आपल्याकडील लेखनांत वारंवार आढळतें. त्याची छाननी करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

मूळ लेख फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेंत इ. स. १९११ मध्यें प्रसिद्ध झाला. गुरूच्या आयो, युरोपा व गॅनिमिड या चंद्रांचे प्रदक्षिणाकाल सुमारें १:२:४ या प्रमाणांत आहेत. त्यांच्या गतींतील संबंध लाप्लासनें उलगडला. त्याच धर्तीवर केतकरांनीं नेपच्यूनपलीकडे ‘ब्रह्मा’ व ‘विष्णु’ हे दोन ग्रह कल्पिले. पृथ्वीचें सूर्यापासूनचें अंतर एक मानल्यास ब्रह्म्याचें अंतर ३८.९५ व प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षें येतो, असें त्यांनीं लिहिलें. फेब्रुवारी १९३० मध्यें लॉवेल वेधशाळेंत टॉम्बॉ यांस सांपडलेल्या प्लूटोचे हेच अंक सुमारें ३९.५ व २४८ आहेत. हें सादृश्य लक्षणीय आहे, यांत शंका नाहीं.

परंतु सादृश्य म्हणजे सिद्धि नव्हे. भंडाऱ्याच्या एखाद्या गृहस्थास गुरूचा उदय पाहावयाचा असेल, तर गुरूची प्रदक्षिणा सुमारें बारा वर्षांची, एवढ्या ज्ञानानें भागत नाहीं. गुरूचें आकाशांतील स्थान हवें. शिवाय भंडारा उज्जयिनीच्या पूर्वेस सुमारें चार अंश असल्यामुळें, उज्जयिनीचें गणित घेतल्यास सुमारें ३९ पळांचा देशांतरसंस्कारहि हवा. केतकरांनीं अंतर व काल दिला. स्थान दिलें नाहीं. उलट लव्हेर्येनें नेपच्यूनचें स्थान सांगितलें, आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजीं गॅल्ले यास तो एका अंशाच्या आंत सांपडला. भाकीत म्हणावयाचें तें यास.

दुसरें असें कीं, ज्या युक्तीनें ब्रह्मा आला तिनेंच विष्णुहि आला, व तो कधींच सांपडला नाहीं. एक जमेस धरून दुसरा वगळणें न्याय्य नव्हे. शिवाय नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन होतात हें खरें. पण हा दोघांतील संबंध आहे, लाप्लासचा तिघांतील नव्हे.

हीच कसोटी पाश्चात्त्यांसहि लाविली पाहिजे. लॉवेलचें गणितहि टिकलें नाहीं. १९७८ मध्यें प्लूटोचा चंद्र सांपडल्यावर प्लूटोचें वस्तुमान पृथ्वीच्या सुमारें एक-पंचशतांश ठरलें. युरेनसची गति बिघडविण्यास तें अगदींच अपुरें होतें. १९९३ मध्यें स्टँडिश यांनीं नेपच्यूनचें सुधारलेलें वस्तुमान घेऊन तो बिघाडच नाहींसा केला. टॉम्बॉ यांचें यश छायाचित्रें चिकाटीनें ताडून पाहण्याचें होतें. शेवटीं २००६ मध्यें प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली.

केतकरांची थोरवी या भाकितावर अवलंबून नाहीं. अर्वाचीन गतिमानांवरून ‘ज्योतिर्गणित’ रचून पंचांग आकाशाशीं मिळतें करण्याचा त्यांनीं जो उद्योग केला, तो वेधानें पडताळतां येतो. वेधास मान देणाऱ्या या गणित्याचें मोठेपण वेधानें न ठरणाऱ्या दाव्यावर उभारणें, हा त्याचा गौरव नव्हे.