नोंदीतील शब्द आणि शोधातील शब्द

विद्यापीठाचे ग्रंथालय जुन्या संगणकप्रणालीतून नव्या, 'क्लाउड'वर चालणाऱ्या प्रणालीत हलविले जाते, तेव्हा त्या घटनेची चर्चा बहुधा दोनच अंगांनी होते : खर्च किती येईल आणि सोय किती होईल. निविदा, वार्षिक वर्गणी, देवघेवीचा वेग, घरबसल्या शोध घेण्याची सवलत हे मुद्दे बैठकांत येतात, आणि ते यावयासच हवेत. परंतु या स्थलांतरात आणखी एक निर्णय नकळत होऊन जातो. कोणता शब्द कोणत्या शब्दाशी एकरूप मानावयाचा, हा तो निर्णय होय. प्रश्न सरळसरळ भाषाशास्त्राचा आहे. तो सोडविण्यासाठी भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला कोणी बोलावीत नाही, हे खरे. पण आम्हीही तेथे जाण्याची उत्सुकता कधी दाखविलेली नाही, हेही तितकेच खरे.

एक प्रसंग सांगतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी व्याकरणग्रंथांवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपल्या टिपणात असे लिहून आणले की, दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या व्याकरणाची एकही प्रत ग्रंथालयात नाही. हा ग्रंथ प्रथम १८३६ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. तो नाही हे मनाला पटेना. नव्या शोधपेटीत तिने 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' असे शब्द घातले होते. नोंद होती, परंतु ती आवृत्तीच्या मुखपृष्ठाबरहुकूम 'भाषेचें' अशी होती. सर्व शब्द जुळले तरच ग्रंथ दाखवावयाचा, असा त्या पेटीचा नियम असल्यामुळे एका अनुस्वारासाठी दादोबा अदृश्य झाले. कोपऱ्यात ढकललेल्या जुन्या कार्डांच्या खणात तोच ग्रंथ दोन मिनिटांत सापडला. कार्डे चाळणाऱ्याचा डोळा 'चें' आणि 'चे' यांत थांबत नाही. यंत्र तेथे थांबते. विद्यार्थिनीचा दोष येथे एवढाच की तिने शोधपेटीच्या मौनावर विश्वास ठेवला. पण असा विश्वास आज आपण सर्वच ठेवतो, आणि 'या विषयावर मराठीत पूर्वी लेखन झालेले नाही' हे प्रबंधाच्या प्रस्तावनेतील ठरलेले वाक्य कित्येकदा याच मौनावर उभे असते.

हा अनुस्वाराचा प्रश्न एखाद्या ग्रंथापुरता नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेला. त्यापूर्वीचा बहुतेक सर्व मुद्रित व्यवहार जुन्या लेखनात आहे. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी मुळात 'पण लक्षांत कोण घेतो' अशी आहे. आजचा वाचक 'लक्षात' लिहून शोधणार. अनुस्वारापाठोपाठ ऱ्हस्वदीर्घ येते : 'कवि', 'भक्ति', 'नीति' असे छापणारी पिढी आणि 'कवी', 'भक्ती', 'नीती' असे शोधणारी पिढी. त्यानंतर परसवर्ण : 'ग्रन्थ' आणि 'ग्रंथ', 'सम्बन्ध' आणि 'संबंध'. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' १८०० पासून १९५० पर्यंतच्या ग्रंथांची आहे, म्हणजे ती सगळीच या सीमारेषेच्या अलीकडे संपते. दीडशे वर्षांचे मराठी मुद्रण एका लेखनपद्धतीत आणि त्याचा वाचक दुसऱ्या, ही स्थिती ज्या भाषेची आहे, तिच्या सूचीला इंग्रजी सूचीचे नियम पुरेसे होणार नाहीत.

यावर एक उपाय नेहमी सुचविला जातो, आणि त्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. स्थलांतराच्या वेळी सर्व नोंदी एकदाच 'शुद्ध' करून टाकाव्यात, म्हणजे जुन्या लेखनाची कटकट मिटेल, असे काही ग्रंथपाल मित्र म्हणतात. त्यांचा हेतू चांगला आहे. परंतु मुखपृष्ठावरील लेखन ही साक्ष आहे. कोणत्या मुद्रकाने कोणत्या साली अनुस्वार सोडला, कोणत्या लेखकाने नियम येण्यापूर्वीच दीर्घ इकार स्वीकारला, हे शुद्धलेखनाच्या इतिहासाचे मूलद्रव्य आहे; ते नोंदीतून पुसले, तर पुढील अभ्यासकाला प्रत्येक ग्रंथ हातात घेऊन पाहावे लागेल. ग्रंथाचे वर्णन आणि ग्रंथाकडे नेणारी किल्ली या दोन भिन्न वस्तू आहेत. वर्णन जसेच्या तसे राहावे. किल्ली मात्र सैल असावी. 'भाषेचें' ही नोंद कायम ठेवून, शोधाच्या अनुक्रमणिकेत ती 'भाषेचे' या रूपाखालीही यावी, एवढेच आमचे म्हणणे.

नव्या प्रणालीची खरी मेख येथे आहे. ग्रंथालयाच्या स्वतःच्या यंत्रावर चालणाऱ्या प्रणालीत नोंद आणि किल्ली दोन्ही ग्रंथालयाच्या हातात असत. १९९९ साली न्यूझीलंडमध्ये तयार झालेली 'कोहा' ही मुक्त प्रणाली घेतली, तर जाणकार माणूस तिच्या अनुक्रमणिकेचे नियम उघडून बदलू शकतो. 'अल्मा'सारख्या सामायिक क्लाउडप्रणालीत शेकडो संस्था एकाच यंत्रणेचे भाडेकरू असतात. नोंदी आपल्या राहतात. अनुक्रमणिकेचे नियम मुख्यतः घरमालकाचे असतात. ग्रंथालयाला पडद्याचा रंग बदलता येतो, शोधाचे रकाने मागेपुढे करता येतात. पण 'ें' आणि 'े' एक मानावेत, हे सांगावयाचे झाले तर विनंतीअर्ज करून वाट पाहावी लागते. आणि तो अर्ज जगातील इतर सर्व भाडेकरूंच्या अर्जांच्या रांगेत उभा राहतो.

घरमालकाच्या नियमांत अडचण काय, असे कोणी विचारील. ते नियम प्रामुख्याने रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून झालेले आहेत, ही अडचण. फ्रेंच शब्दावरील स्वरचिन्ह गाळून शोध सुलभ करण्याची युक्ती सर्वज्ञात आहे. युनिकोड या संकेतपद्धतीत अशा चिन्हांचा एक वर्ग आहे. दुर्दैवाने देवनागरीतील उकार, एकमात्रा, अनुस्वार आणि हलन्त हेही त्याच वर्गात मोडतात, काना आणि वेलांटी मात्र मोडत नाहीत. तो वर्ग सरसकट गाळणारा नियम देवनागरीला लावला, तर 'कुल' आणि 'कल', 'मेळ' आणि 'मळ' एकच होतील, पण 'माळ' वेगळा राहील. अनुस्वार सैल करावयास जावे आणि उकारच गळून पडावा, असा हा प्रकार आहे. शोधपेटीने काहीच न दाखविणे हा एक दोष. नको ते सारे दाखविणे हा दुसरा.

याच्या उलट जेथे यंत्राने एक मानावयास हवे, तेथे ते भेद करते. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्ध्या रफाराचे चिन्ह युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठविता येते : एकदा नुक्ताधारी 'ऱ' घेऊन, आणि एकदा साध्या 'र'ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात. युनिकोडचा प्रमाणित समीकरणाचा नियम त्यांना एक करीत नाही. तीच गत 'ॲ'ची : हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि त्याआधीच्या नोंदींत 'अ'वर चंद्र देऊन ते लिहिलेले आहे. ज्या ग्रंथालयांनी युनेस्कोची 'आयसिस' प्रणाली वापरली, पुढे सी-डॅकच्या 'जिस्ट' तंत्राने इस्कीतील देवनागरी भरली आणि त्यानंतर युनिकोडकडे वळली, त्यांच्या नोंदींत तीन पिढ्यांचे संकेत एकमेकांशेजारी नांदत असण्याचा संभव आहे. डोळ्याने तपासून हा दोष कधीही सापडणार नाही.

प्रत्ययांचा प्रश्न याहून खोल आहे. हिंदीत विभक्तीचे चिन्ह नामापासून सुटे लिहितात. त्यामुळे मूळ शब्द बहुधा उघडा राहतो. मराठीत तो सामान्यरूपाच्या आत दडतो. 'दुष्काळ' शोधणाऱ्याला 'दुष्काळाचा', 'दुष्काळातील', 'दुष्काळांनी' हेही हवे असते. 'शाळा' शोधणाऱ्याला 'शाळेतील' हवे असते, आणि येथे तर मूळ शब्दाचा अंत्य स्वरही बदललेला आहे. ल्युसीन या बहुप्रचलित मुक्त शोधयंत्रणेत हिंदीसाठी रचलेला विश्लेषक आहे. देवनागरी दिसली की हिंदी समजावयाचे, अशा सोयीने तो मराठीला लावला, तर हिंदीचे प्रत्यय मराठी शब्दांवरून कापले जातील आणि मराठीचे तसेच राहतील. दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आले. सामान्यरूपाची व्यवस्था तेव्हापासून आपल्या हाताशी आहे. यंत्राला समजेल अशा कोष्टकात ती मांडण्याचे काम कोणत्याही व्यापारी संस्थेचे नसून आपल्या विभागांचे आहे.

दामल्यांवरून आठवले. हे वैयाकरण मोरो केशव दामले आणि कवी केशवसुत हे सख्खे भाऊ. सूचीत एक आडनावाखाली आणि दुसरा टोपणनावाखाली. कृष्णाजी केशव दामले या नावावरून 'केशवसुत' पाहावे, अशी सूचना देणारे कार्ड कोणीतरी शाईने लिहून ठेवलेले असे. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांचीही अशीच जोडणी. हे ज्ञान नोंदींत नसते. ते नोंदींमधल्या दुव्यांत असते, आणि नोंदी हलविताना दुवे मागे राहणे फार सोपे आहे.

रोमन लिप्यंतराविषयी थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय १९६२ साली सुरू झाले आणि त्याच्यामार्फत मराठीसह भारतीय भाषांतील ग्रंथ तिकडील विद्यापीठांत जाऊ लागले. त्यांच्या नोंदी ठरीव रोमन लिप्यंतरात झाल्या. हे लिप्यंतर अक्षरनिष्ठ आहे. मराठी माणूस न उच्चारीत असलेला अंत्य अकारही ते लिहिते. आज सामायिक भांडारातून तयार नोंद उचलण्याची सोय झाल्यामुळे मराठी ग्रंथाची तिकडे झालेली रोमन नोंद महाराष्ट्रातील ग्रंथालयात परत येऊ शकते. मार्क या नोंदपद्धतीत मूळ लिपीसाठी ८८० क्रमांकाचे क्षेत्र आहे. ते रिकामे असेल, तर पुण्यातील वाचकाला मराठी ग्रंथ मराठीत मागता येणार नाही. तयार नोंद घ्यावी की न घ्यावी, हा वादाचा विषय नाही. ते क्षेत्र भरल्याशिवाय ती घेऊ नये, एवढे पुरे.

क्लाउड नकोच, असे मात्र आम्ही म्हणत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर संगणकी हल्ला झाला आणि तिची सूची जानेवारी २०२४ पर्यंत वाचकांना मिळाली नाही. मार्च २०२४ मध्ये त्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात, जुन्या व स्वतः सांभाळलेल्या प्रणालींनी नुकसान वाढविले आणि क्लाउडवरील काही प्रमुख व्यवस्था मात्र चालू राहिल्या, असे प्रांजळपणे नमूद आहे. तळघरातील यंत्र म्हणजे स्वातंत्र्य, हा भ्रम आहे. पण 'ढग' हे नावही तसेच फसवे आहे. ढगाला मालक नसतो, याला असतो, आणि तो बदलतो. 'अल्मा' तयार करणारी एक्स लिब्रिस २०१५ साली प्रोक्वेस्टकडे आणि प्रोक्वेस्ट २०२१ साली क्लॅरिव्हेटकडे गेली. ग्रंथनोंदींवर हक्क कोणाचा, हा वाद २०२२ साली ओसीएलसी आणि क्लॅरिव्हेट यांच्यामध्ये अमेरिकेच्या न्यायालयात पोहोचला होता. यास्तव करारात दोन गोष्टी असाव्यात : सर्व नोंदी, त्यांच्या दुव्यांसह, केव्हाही परत नेण्याचा हक्क, आणि स्वीकृतीपूर्वी मराठी शब्दांची कसोटी. ही कसोटी अवघड नाही. जुन्यानव्या लेखनाच्या, दोन संकेतांच्या, प्रत्ययी रूपांच्या शे-दोनशे जोड्या आमच्या विभागातील विद्यार्थी एका सत्रात तयार करतील, आणि त्या प्रत्येक जोडीला प्रणालीने समान उत्तर द्यावे. एका विद्यापीठाच्या मागणीला वजन नसेल, तर महाराष्ट्रातील आणि गोव्यातील विद्यापीठांनी ती एकत्र करावी. अनुक्रमणिकेचे नियम बदलून मिळेपर्यंत पर्यायी शीर्षकासाठी असलेल्या २४६ क्रमांकाच्या क्षेत्रात नवे लेखन हाताने भरावे लागेल. काम कंटाळवाणे आहे, पण त्याने साक्ष बिघडत नाही.

हे सर्व होईपर्यंत एक तातडीची विनंती ग्रंथालय समितीकडे आहे. नवी प्रणाली सुरू झाली की कार्डांचे खण रद्दीत देण्याचा ठराव बहुधा त्याच बैठकीत येतो. मराठी विभागाची कार्डे नव्या सूचीशी एक एक ताडून होईपर्यंत तो ठराव पुढे ढकलावा. ताडून पाहण्यासाठी विभागातून आठवड्याचे दोन तास देण्यास प्रस्तुत लेखक तयार आहे.