एका समीकरणातली दोन समीकरणं

‘१२ चा क वा घात गुणिले १८ चा ख वा घात बरोबर ८,३९,८०८. क आणि ख या नैसर्गिक संख्या आहेत, तर क + ख = किती?’ पर्याय ४, ५, ६, ७. शिष्यवृत्ती असो की स्पर्धा परीक्षा, कोल्हापुरातल्या अभ्यासिकांमध्ये या धाटणीचं उदाहरण रोज कुणीतरी सोडवत असतं. समीकरण एक, अज्ञात संख्या दोन. वाचताक्षणी वाटतं, काहीतरी द्यायचं राहूनच गेलंय.

राहिलेलं काही नाही. ८,३९,८०८ ची निमपट करत चला. सातव्या खेपेला ६,५६१ उरतात, म्हणजे ३ चा आठवा घात. आता डावी बाजू: १२ म्हणजे २ × २ × ३ आणि १८ म्हणजे २ × ३ × ३. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच तऱ्हेने पडतात, म्हणून दोनांचा हिशोब दोनांशी आणि तिनांचा तिनांशीच जुळायला हवा. २क + ख = ७. क + २ख = ८. एकाच्या पोटातून दोन समीकरणं निघाली! प्रश्नातली ‘नैसर्गिक संख्या’ ही अट काढली, तर उत्तरं अगणित होतील.

मला सर्वांत भावतं ते शेवटचं विचारणं. क, ख वेगवेगळे मागितलेलेच नाहीत. दोन्ही ओळींची बेरीज करा: ३क + ३ख = १५, म्हणून क + ख = ५.

घाईत असलेला विद्यार्थी आकारावरूनही ५ गाठेल. १८ चा चौथा घात १,०४,९७६, म्हणजे ४ तोकडा. १२ चा सहावा घात जवळजवळ तीस लाख, म्हणजे ६ जास्त. गुण मिळतो, पण क २ आणि ख ३ हे कळत नाही. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांसाठी त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार बनारसच्या घरी फळ्यावर आव्हानाचं गणित लिहून ठेवत. तिथे घड्याळ नव्हतं. असं उदाहरण तशा फळ्यावरच वाचावं.

म्हणजे १२ आणि १८ चीच निवड का, हेही दिसतं. १८ च्या जागी १४४ घ्या, उजवीकडे १२ चा सहावा घात. दोनांची ओळ २क + ४ख = १२, तिनांची क + २ख = ६. दोन्ही एकच गोष्ट सांगतात: क ४, ख १ चालतं आणि क २, ख २ सुद्धा.