आमच्या चेहऱ्यावर उजेड कुणाचा?

आई थकली तेव्हा तिला रत्नागिरीतल्या एका स्टुडिओत नेली. फोटोवाल्याने न विचारताच तिला गोरी करून दिली. आईने फोटो उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, 'ही कोन रं? माजा फोटू कुटं हाय?' फोटोकलेवरची याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही.

दोस्तहो, आपले फोटो काढायच्या दोन रीती इतरांनी पाडल्या. पहिली गोऱ्या साहेबाची. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. त्यांत माणसे जातीजमातीचे नमुने म्हणून मांडली. दुसरी रीत प्रदर्शनवाल्यांची. सुरकुत्या, भेगाळलेली टाच, ओला डोळा, आणि खाली नाव नाही. याला म्हणे कलात्मक पोर्ट्रेट!

आता राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा फोटो पहा. बाबासाहेब, दापोलीजवळच्या वणंदची रमाई, यशवंत, लक्ष्मीबाई, मुकुंद आणि टॉबी कुत्रा. कुणाचाच चेहरा दया मागत नाही. आमची जुनी माणसेही उसना कोट घालून, खिशाला पेन लावून फोटोला बसली. विद्वान त्याला नकली म्हणतात. मी म्हणतो, खरी कल्पकता तीच. उद्या जो माणूस व्हायचंय तो त्यांनी आज उभा केला.

म्हणजे दुःख दाखवूच नये काय? दाखवावे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षे काढले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो घाण लपवत नाहीत. पण पाहणाऱ्याचा प्रश्न माणसावर नाही, त्याला तिथे उतरवणाऱ्यावर जातो.

यंत्रही निष्पक्ष नाही. रंगीत छपाई जुळवायला कोडॅकचे शर्ली कार्ड असे, त्यावर कितीतरी वर्षे गोरी बाईच होती. आज मोबाईलमधला सुंदर करणारा फिल्टर तिचाच वारस. कॅमेरा समोरच्या उजेडाची सरासरी काढतो. मागे विहाराची पांढरी भिंत, अंगावर पांढरे पातळ असले की तो उजेड कमी करतो आणि आमचा सावळा चेहरा काळोखात जातो. म्हणून उजेड भिंतीचा नको, चेहऱ्याचा मोजा. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट टेका, उजेड थोडा वाढवा. भर दुपारचे ऊन टाळा, पडवीच्या कडेला बसवा. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर धरा, वरून नको.

आणि त्याआधी विचारा, 'आजी, तुला कशी दिसायचंय?' ती म्हणेल तशी बसू द्या. येत्या जयंतीला वाडीतल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढा. खाली पूर्ण नाव लिहा. पहिली प्रत त्यांच्या हातात द्या, प्रदर्शन नंतर.

आईचा फोटो पुढे मी पडवीत काढला. तो नावासकट भिंतीवर आहे. स्टुडिओतली गोरी बाई ट्रंकेत पडलीय.

जय भीम.