रोमन नाट्यगृहाचे अवशेष व आपल्याकडील लेणीं : एक परीक्षण

रोमन साम्राज्याच्या प्रदेशांतील भग्न नाट्यगृहें पाहून आलेल्या अभ्यासकांस आपल्याकडील कातळांतही तसाच आकार दिसूं लागतो. लेण्यापुढें अर्धवर्तुळाकार पायऱ्या आढळल्या कीं तेथें यवनांच्या धर्तीची रंगभूमि होती असें अनुमान होतें. हें अनुमान जुनें आहे व विद्वानांनीं केलेलें आहे. म्हणूनच त्याचें परीक्षण अवश्य वाटतें.

प्रथम लक्षण निश्चित केलें पाहिजे. व्हिट्रूव्हियसनें आपल्या वास्तुग्रंथाच्या पांचव्या भागांत ग्रीक व रोमन नाट्यगृहांतील भेद स्पष्ट सांगितला आहे. ग्रीक नाट्यगृहाची आखणी वर्तुळांत तीन चौरस काढून, तर रोमनाची चार समभुज त्रिकोण काढून होते. रोमन पद्धतींत पुढचें अर्धवर्तुळ सभासदांच्या आसनांसाठीं असल्यामुळें रंगपीठ पांच फुटांहून उंच नसावें असा नियम आहे. रंगपीठामागें प्रेक्षागाराशीं जोडलेली प्रचंड भिंत हें तर रोमन रचनेचें मुख्य चिन्ह होय. फ्रान्समधील ऑरांज येथें ही भिंत अद्यापि उभी असून ती 103 मीटर लांब व 37 मीटर उंच आहे. भिंत, रंगपीठ व आसनें यांचा असा संबंध सिद्ध झाल्यावांचून नुसत्या पायऱ्यांवरून रोमन नाट्यगृह म्हणणें म्हणजे एका वीरगळावरून रणभूमि ठरविण्यासारखें आहे.

आतां प्रसिद्ध उदाहरण घेऊं. छत्तीसगडांतील सरगुजा जिल्ह्यांत रामगड टेकडीवर सीताबेंगरा नांवाची गुहा आहे. टी. ब्लॉख यांनीं 1904 मध्यें तिची पाहणी करून तेथें नाट्यगृह असल्याचें व त्यावर ग्रीक वळण असल्याचें प्रतिपादिलें. यांपैकीं पहिल्या भागास आधार आहे. गुहेंतील ब्राह्मी लेखांत कवींचा उल्लेख आहे. शेजारच्या जोगीमारा गुहेंतील लेखांत सुतनुका देवदासी व तिच्यावर अनुरक्त झालेला देवदिन्न नामक रूपदक्ष यांची नांवें आलीं आहेत. काव्यगायन व नृत्य यांचें हें स्थान असावें हें म्हणणें सयुक्तिक आहे. परंतु दुसरा भाग केवळ आकारसादृश्यावर उभा आहे. उताराच्या खडकांत बैठका खोदतांना त्या वांकड्या ओळींत येणें हें कोणत्याही देशांतील पाथरवटास सुचेल.

यवनिका या शब्दाचा आधारही असाच निसटता आहे. 1882 मध्यें विंडिश यांनीं संस्कृत नाटकावर ग्रीक प्रभाव मांडला. 1890 मध्यें सिल्व्हाँ लेव्ही यांनीं त्याचें खंडन केलें. पडद्याचें कापड यवन देशांतून आलें असें मानलें, तरी त्यामागचें नाटकही तेथूनच आलें असें होत नाहीं.

महाराष्ट्रापुरतें पाहतां, यवनांचा पुरावा विपुल आहे. कार्ल्यास धेनुकाकटच्या यवनांनीं स्तंभ दिले. जुन्नरास यवन दात्यांचे लेख आहेत. नाशिकास दात्तामित्रीच्या इंद्राग्निदत्त योनकानें लेणें खोदविलें. कोल्हापुरास ब्रह्मपुरीवर समुद्रदेवतेची रोमन कांस्यमूर्ति सांपडली. पेरिप्लसकारानें भडोच बंदरांतून राजासाठीं गायक-वादक आणल्याचें लिहिलें आहे. असें असूनही एकाही लेखांत नाट्यगृहाचें दान नाहीं. दाते बौद्ध संघास लेणीं, स्तंभ व पाण्याच्या पोढी देतात. आपलें नगर वसवून त्यांत आपल्या देशचा प्रेक्षणविधि चालवीत नाहींत. मूर्ति व मद्यकुंभ गलबतांतून येतात. नाट्यगृहास मात्र तें भरविणारा नागरसमाज लागतो. अफगाणिस्तानांतील आय खानूम येथें असा समाज होता, म्हणून तेथें मोठें ग्रीक नाट्यगृह उत्खननांत निघालें.

उलट आपल्याकडील प्रेक्षणपरंपरेचा पुरावा स्वतंत्र आहे. नाशिकच्या लेखांत बलश्रीनें आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णि हा उत्सव व समाज करविणारा होता असें गौरविलें आहे. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत मनुष्यांसाठीं 64 हात लांब व 32 हात रुंद मंडप विहित असून, त्याहून मोठ्या मंडपांत शब्द अस्पष्ट होतो व मुखावरील भाव दिसत नाहींत असें कारण दिलें आहे. मंडप शैलगुहेच्या आकाराचा असावा असेंही तेथें म्हटलें आहे. हजारों प्रेक्षकांस सामावणाऱ्या रोमन रचनेचा हेतु व हा हेतु परस्परविरुद्ध आहेत. नागार्जुनकोंड्याचें प्रेक्षागार रोमन आठवण करून देतें खरें; परंतु त्याचें आंगण चौकोनी असून आसनें चारी बाजूंस आहेत. रोमन नाट्यगृह अर्धवर्तुळाकार व रोमन मल्लांगण लंबवर्तुळाकार असतें. हें दोहोंतही बसत नाहीं. मूळ जागा 1960 नंतर धरणाच्या पाण्याखालीं गेल्यामुळें आज अनुपू येथें पुनर्रचित अवशेष पाहावा लागतो.

हा वाद केवळ नांवाचा नव्हे. आम्ही ज्या खराडींतून लिहितों तेथें मुळामुठेच्या कांठीं उंच इमारतींचे पाये रोज खणले जात आहेत. अशा खणण्यांत दगडांची वांकडी ओळ निघाली तर तीस मोठें परकीय नांव देण्यापूर्वीं तिची खोली, दिशा, मापें व सोबतचीं खापरें यांची नोंद झाली पाहिजे. नांव मागाहून बदलतां येतें. उपसलेला थर पुन्हां घालतां येत नाहीं. सभासदांनीं संग्रहांतील प्रत्येक वस्तूबरोबर तिचें स्थान लिहून ठेवावें, एवढीच आमची विनंति आहे.