वेठ आणि आठवण : ‘अभि ले बगदाद’च्या निमित्ताने

कर्जत सोडून गाडी बोरघाट चढू लागली की पळसदरी, जांबरुंग आणि मग ठाकुरवाडी लागते. १८६३ साली हा घाटमार्ग सुरू झाला. बांधकाम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर या डोंगरात राबत होते. पटकीने, तापाने, सुरुंगाने त्यांतले हजारो मेले. फॅव्हिएल, ट्रेडवेल या कंत्राटदारांची नावे इतिहासात राहिली, बोगदा फोडणाऱ्या एकाचेही नाव राहिले नाही. राबणाऱ्याची आठवण कोण लिहितो, हा प्रश्न मला ठाकुरवाडीवरून जाताना नेहमी पडतो. शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांच्या ‘अभि ले बगदाद’ या बंगाली पुस्तकाने तो पुन्हा समोर आणला. हे पुस्तकही रुळांच्या कडेला घडते.

पहिल्या महायुद्धात इराकमधील कूत-अल-अमारा येथे ब्रिटिशांची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस शिपायांनी उपासमार सोसली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जण शरण गेले. त्यांत १०३ व्या, ११० व्या आणि ११७ व्या मराठा पलटणींचे शिपाई होते. सातारा, रत्नागिरी, कुलाबा या भागांतली ही माणसे. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्याही असत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. या कैद्यांना वाळवंटातून पायी हाकलत नेले. वाचलेल्या हिंदी शिपायांपैकी अनेकांना रास अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. आपल्या भाषेत याला एकच शब्द आहे, वेठ.

सर्वाधिकारी बंगाल अँब्युलन्स कोअरमधले स्वयंसेवक होते. कैदेत त्यांनी रुग्णालयात काम केले. रोजनिशीचे कागद फाडून बुटांत लपवले, पुढे पुन्हा लिहून काढले. पुस्तक मात्र १९५७ साली निघाले. मधल्या चाळीस वर्षांत साम्राज्य गेले, खिलाफत गेली, देशाची फाळणी झाली. इतक्या काळानंतर लिहिणाऱ्याला शौर्याचा मुलामा देण्याचा मोह झाला असता, तर नवल नव्हते. सर्वाधिकारींनी तो टाळला. पुस्तकाचे नावही त्यांनी बंगालीत ठेवले नाही, ते शिपायांच्या हिंदुस्तानीत आहे. बगदाद घ्यायला निघालेल्या फौजेची ती ईर्ष्या कैदेची हकीकत वाचताना कडवट होत जाते. हा उपरोध लेखकाने कुठेही बोलून दाखवलेला नाही.

मुस्लिम वाचकाला हे पुस्तक विशेष अस्वस्थ करते. नोव्हेंबर १९१४ मध्ये उस्मानी खलिफाच्या नावाने जिहाद पुकारला गेला होता. कूतच्या मुस्लिम शिपायांना कैदेत इतरांपासून वेगळे काढून आपल्या बाजूला वळवण्याचे प्रयत्न झाले. एकीकडे मिठाला जागण्याची शपथ, दुसरीकडे खलिफा. या पेचावर पुढे राजकारणाने दोन सोपी उत्तरे तयार केली : एक तर तो मुसलमान गद्दार, नाही तर तो इंग्रजांचा भाडोत्री. सर्वाधिकारींच्या पानांवर माणसे अशा खणांत बसत नाहीत. रुग्णालयातला तुर्कही आपल्यासारखाच घरापासून तुटलेला, हुकमाने आलेला गरीब माणूस आहे, हे त्यांना दिसते. आणि त्याच मुलुखात आर्मेनियन बायकापोरांची झालेली दैना पाहून ते नजर फिरवत नाहीत. तुर्क सैतान नाही, म्हणून तुर्की राजवटीचा गुन्हा माफ होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगण्याची ही हिंमत मला या पुस्तकाचे खरे मोल वाटते. आपल्या लोकांचे पाप बोलायला आपण बिचकतो. असे लिखाण म्हणूनच आपण वाचायला हवे.

तरीही एक मर्यादा नोंदवली पाहिजे. सर्वाधिकारी शिकलेले भद्रलोक. वेठ त्यांनी पाहिली ती मुख्यतः रुग्णालयात, खाटेवर येऊन पडलेल्या शिपायांच्या देहात. दिवसभर रूळ वाहणाऱ्याच्या मनात काय चालते, हे त्यांच्या वाक्यांतून पुरते कळत नाही. कळणार तरी कसे? रास अल-ऐनलाच वारलेले डॉक्टर कल्याणकुमार मुखर्जी यांची पत्रे त्यांच्या आजीने, मोक्षदादेवींनी, ‘कल्याण-प्रदीप’मध्ये सांभाळली. ज्याच्या घरी अक्षर होते त्याची आठवण टिकली. बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हते. ते दुसऱ्याकडून पत्रे लिहून घेत आणि ती पत्रेही सेन्सॉर वाची.

बोरघाटातला मजूर कैदी नव्हता, हा फरक विसरता येणार नाही. त्याला मजुरी कबूल केलेली होती आणि ती थकली तेव्हा १८५९ साली तो दंगा करून उठला होता. रास अल-ऐनच्या कैद्याला तेवढीही सोय नव्हती. पण ज्या रुळांसाठी रक्त आटले त्या रुळांवर आपले नाव नसणे, हे दोघांच्या वाट्याला सारखेच आले.

आपल्या समाजात पलटणीत गेलेल्या पणजोबांची गोष्ट सांगणारी घरे अजून आहेत. कुणाकडे एखादे पदक आहे, कुणाकडे नुसता ‘ते बसऱ्याला गेले होते’ एवढा उल्लेख. ते सांगणारी शेवटची पिढी आता थकली आहे. त्यांच्याजवळ बसून ऐकणे आणि लिहून काढणे हे मुस्लिम मराठी लेखकाचे काम आहे. एका बंगाली परिचारकाने बुटात कागद दडवून आपल्या वाटणीचे काम केले.