घरातली खाडी

गोव्यातल्या चांदर गावचं ब्रागांझा घर बघायला आलेला माणूस आधी मान वर करतो, कारण वर झुंबरं आहेत. मग चिनी मातीची भांडी, शिसवी फर्निचर, पोर्तुगालच्या राजाने, दों लुईशने, दिलेल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्या. या खुर्च्यांपुढे फोटो काढण्यात बहुतेकांचा वेळ संपतो. माझ्या मते या घराचा खरा मजकूर वैभवात नाही, त्याच्या वाटणीत आहे.

एकाच लांबलचक दर्शनी भिंतीमागे दोन शाखांची दोन घरं आहेत. पूर्वेकडे ब्रागांझा परेरा, पश्चिमेकडे मिनेझिस ब्रागांझा. पूर्वेच्या खाजगी प्रार्थनाघरात सेंट फ्रान्सिस झेवियरचं नख जपून ठेवलेलं आहे. पश्चिमेला हजारो ग्रंथांचा संग्रह आहे, तो लुईस द मिनेझिस ब्रागांझा (1878–1938) यांच्या घराण्याचा. हा पत्रकार बुद्धिवादी. पोर्तुगीज भाषेतच लिहून त्याने पोर्तुगीज सत्तेला धारेवर धरलं. संताचं नख आणि बंडखोराची पुस्तकं एका छपराखाली, मध्ये फक्त एक जिना! कुणी कादंबरीकाराने हे रचलं असतं तर आपण त्याला ‘फार जुळवून आणलं’ म्हटलं असतं.

या घराचं तोंडही वाचण्यासारखं आहे. गोव्यातलं जुनं हिंदू घर राजांगणाभोवती, तुळशीकडे वळून बसतं. रस्त्याला त्याची बहुधा पाठ असते. हे घर मात्र खिडक्यांची रांग लावून थेट चव्हाट्यावर उभं आहे, जवळच चर्च. गावाने आपल्याला पाहावं अशी त्याची इच्छा लपत नाही. साध्या ख्रिस्ती घरांतही बाल्कांवावरचे, म्हणजे दारापुढच्या ओसरीवरचे, दगडी सोपे (बाकं) हेच काम करतात, फक्त तिथे रुबाबाऐवजी गप्पा असतात.

पण हा रुबाब उभा राहिला कशावर? अशा घरांचे मालक भाटकार, म्हणजे जमीनदार. त्यांचं उत्पन्न भाटांतून (बागायतींतून) आणि शेतांतून यायचं, आणि गोव्याच्या सखल भागातली पुष्कळ शेती खाजनाची, म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली. तिथली करामत मानशीची, म्हणजे बांधातल्या झडपेची आहे. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. अशा जमिनीत खारटपणा सोसणारा कोरगुट हा भात पिकतो. दिवाणखान्यातल्या चकचकीत फरशीखाली हा चिखल आहे, हे लक्षात आलं की घर वेगळं दिसू लागतं. जुन्या गोव्यातल्या आणि पणजीतल्या कित्येक खिडक्यांत तर खाडी उघडच बसवलेली आहे. काचेऐवजी तिथे शिंपल्याची पातळ चौकोनी तावदानं असतात. त्यांतून बाहेरचं दिसत नाही, पण दुपारचं ऊन दुधासारखं होऊन आत येतं. तो शिंपला उथळ, चिखलाळ खाडीत वाढतो. झुवारीतल्या चिखलीच्या खाडीत तो आजही सापडतो.

म्हणून ‘हेरिटेज टूर’ एका दिवशी आणि ‘बर्ड टूर’ दुसऱ्या दिवशी, ही विभागणी मला पटत नाही. चांदरनंतर रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जावं. मांडवीतल्या या बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र अवघं 1.78 चौरस किलोमीटर, घोषणा 1988 ची, म्हणजे सालिम अली गेल्यानंतर वर्षभराची. पक्ष्यांची यादी हातात घेऊन आलेले लोक इथे थोडे हिरमुसतात, कारण गर्द तिवरांत पक्षी आधी ऐकू येतो आणि मग कदाचित दिसतो. खंड्या, वंचक, बगळे, वर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार एवढं सहसा पदरी पडतं. खरी मजा खालच्या पातळीवर असते. ओहोटी लागली की चिखलातून तिवराची श्वसनमुळं पेन्सिलींसारखी वर आलेली दिसतात. निवट्या पाण्याबाहेर सरपटतात. एक नांगी भलतीच मोठी असलेले खेकडे ती हलवून एकमेकांना दरडावतात. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि लांब कोंब घेऊन खाली पडतं, कारण भरतीला वाट पाहायला वेळ नसतो. तिवराचं पान शोषलेलं मीठ पृष्ठभागावर टाकून देतं, जिभेला लावून बघा.

खाडीकाठी टिकायचं तर पाण्याशी तडजोड करावी लागते, झाडाला, खेकड्याला आणि भाटकारालाही. भाटकाराची तडजोड मात्र मोडली. पोर्तुगीज सत्तेपासून गोव्याच्या मुक्तीनंतर 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिलं, ते न्याय्यच होतं, पण मोठ्या घरांना पोसणारं उत्पन्न आटलं. चांदरच्या घराच्या देखभालीला आता पाहुण्यांच्या देणगीचाही आधार लागतो.

ऑक्टोबर ते मार्चच्या दरम्यान जा. चोडणला निघण्याआधी होडीवाल्याला भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या, आणि चांदरच्या देणगीपेटीत हात आखडता घेऊ नका.